आधी स्वच्छतागृह, मग ओटा

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृह जुने झाले आहे. सगळे पाडून चकचकीत फरशी घालावी, असे सभासद म्हणतात. खर्च झेपेल का?
– एक वाचक, पेण

उत्तर : काळजी नको. ओटा आणि भिंती धड असतील तर पाडापाडी कशाला? चकचकीत फरशी पुसायला सोपी, पण पेण-रोह्याच्या पावसात ओल्या चपलांनी हमखास घसरवते. खरबरीत फरशी घ्या. पैसे आधी स्वच्छतागृहावर खर्च करा : कमोड, भिंतीत पक्के बसवलेले आधारदांडे, बाहेर उघडणारे दार. ओट्याचे काम पुढच्या टप्प्यात. संघात घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्या. गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून जमिनीलगत झरोका हवाच. जागा नगरपालिकेची असल्यास लेखी परवानगीशिवाय काम सुरू करू नका.