पोलिओची वाट

धडधाकट बालकास ताप यावा आणि थोड्याच दिवसांत त्याचा पाय लुळा पडावा, अशा घटना पूर्वी खेडोपाडी घडत. नांदेड किंवा लातूर जिल्ह्यात असे बालक आढळले, म्हणजे त्याच्या मलाचे दोन नमुने घेऊन ते बर्फात ठेवून मुंबईस, परळच्या एंटरोव्हायरस संशोधन केंद्राकडे पाठविले जात. अधू झाला पाय आणि परीक्षा मलाची, हे कसे?

याचे उत्तर असे की, पोलिओचे मूळ पायात नसून पोटात असते. त्याचा विषाणू दूषित पाण्यातून किंवा अन्नातून आतड्यात शिरतो व तेथे वाढतो. बहुतेक मुलांत तो तेथेच थांबतो. परंतु सुमारे २०० मुलांपैकी एकाच्या मज्जारज्जूपर्यंत तो पोहोचतो आणि स्नायूंना हालविणाऱ्या पेशींचा नाश करतो. क्वचित मेंदूतील श्वसनाचे केंद्रही त्याच्या तडाख्यात सापडते.

आतड्यात अब्जावधी जीवाणूही नांदत असतात. ते पचनास साहाय्य करतात व काही जीवनसत्त्वे निर्माण करतात. २०११ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी काही उंदरांच्या आतड्यातील जीवाणू औषधाने नाहीसे केले व त्यांना पोलिओचा विषाणू पाजला. त्यांच्यापेक्षा, ज्यांचे जीवाणू शाबूत होते अशा उंदरांतच रोग अधिक बळावला! जीवाणूंच्या आवरणावरील शर्करायुक्त पदार्थ विषाणूस चिकटतात आणि त्याला बळ देतात. घरच्याच माणसांनी नकळत चोरास आसरा द्यावा, तसा हा प्रकार होय.

म्हणून काही या उपकारक जीवाणूंचा नायनाट करावयाचा नसतो. चोरास दारातच अडविणे हाच खरा उपाय. तोंडावाटे दिलेले लसीचे दोन थेंब आतड्यातच पहारा बसवितात. १९९५ पासून देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. गोदाकाठापासून मांजरेच्या खोऱ्यापर्यंत आरोग्यसेविकांनी शीतपेटीतून ही लस घरोघर पोहोचविली. नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा येथे आढळला. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त ठरला.

तथापि पाकिस्तान व अफगाणिस्तान या देशांतून हा विषाणू अद्याप हटलेला नाही. यास्तव आपल्याकडे लसीचे थेंब आणि मलाची परीक्षा ही दोन्ही कामे आजही चालू आहेत. पहारा ढिला पडला, तर चोरास जुनी वाट ठाऊकच आहे.

स्वाध्याय
१. पाय लुळा पडला असता मलाची परीक्षा का करीत?
२. ‘घरच्याच माणसांनी चोरास आसरा द्यावा’ असे लेखकाने का म्हटले आहे?