सात बेटांचा गव्हर्नर

आज जेथे माणसाला पाय ठेवण्यास जागा मिळत नाही, ती मुंबई इ. स. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला अवघ्या दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. पोर्तुगीजांकडून लग्नात मिळालेले हे आंदण त्याला नकोसेच झाले होते! सात बेटे, त्यांच्यामध्ये भरतीला शिरणारे खारे पाणी, माडांची वने आणि कोळ्यांच्या वस्त्या, एवढीच ती मिळकत. दलदलीमुळे ताप कधी हटत नसे. विलायतेहून आलेला माणूस येथे दोन पावसाळे काढील की नाही, याची शंकाच असे.

१६६९ मध्ये जेराल्ड आँजियर हा सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष व मुंबईचा गव्हर्नर झाला. पदाचे नाव मोठे, पण पदरी शिपाई थोडे आणि कंपनीचे मालक पैशापैशाचा हिशेब मागणारे! माणसे आल्यावाचून बंदर वाढणार नाही आणि भरवसा वाटल्यावाचून माणसे येणार नाहीत, हे त्याने ओळखले. १६७२ मध्ये त्याने मुंबईत न्यायालय उघडले. दीवच्या नीमा पारख या व्यापाऱ्याने येथे येण्यापूर्वी आपल्या धर्माचरणास कोणी अडथळा करू नये, अशी अट घातली. ती मान्य झाली.

१६७३ मध्ये डचांचे आरमार मुंबईसमोर येऊन उभे राहिले. आँजियरने रहिवाशांचीच पथके उभारली. त्यांत सोटे घेतलेले भंडारीही होते. ही तयारी पाहून डच हल्ला न करताच परतले.

त्याची खरी कसोटी मात्र शेजाऱ्यांनी घेतली. मोगलांचा चाकर असलेला जंजिऱ्याचा सिद्दी पावसाळ्यात आपल्या गलबतांना मुंबईत आसरा मागे. नाही म्हणावे, तर मोगल रागावून सुरतेचा व्यापार बुडवणार. होय म्हणावे, तर शिवाजी महाराज रुष्ट होणार, आणि बेटावरचे धान्य व सरपण तर समोरच्या मुलखातून येई! आँजियर दोघांशीही गोडीने बोलून वेळ काढी. तरी सिद्दीची गलबते अनेकदा बंदरात शिरलीच. १६७४ मध्ये त्याने महाराजांशी करार करण्यासाठी हेन्री ऑक्झिंडेन याला रायगडावर धाडले. राज्याभिषेकाचा सोहळा या वकिलाने प्रत्यक्ष पाहिला.

कंपनीचे मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस न्यावे, असे आँजियरला वाटे. १६७७ च्या जूनमध्ये तो सुरतेसच मरण पावला. मुख्य ठाणे मुंबईस आले ते १६८७ मध्ये.