वापरलेल्या इंजिन-तेलाची परीक्षा : प्रयोगशाळा कशी निवडावी?

शितावरून भाताची परीक्षा होते, ही म्हण आपणां सर्वांस ठाऊक आहे. तथापि शीत कोठून उचलले आणि ते चाचपणारा हात कितपत जाणता आहे, यावर त्या परीक्षेचे मोल अवलंबून असते. इंजिनातून काढलेल्या काळ्या तेलाच्या बाबतीतही हेच खरे आहे.

गोव्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ट्रॉलरांची मासेमारी बंद असते. याच काळात ट्रॉलरच्या मालकास ठरवावे लागते, की इंजिन उघडून बेअरिंगे व पिस्टनच्या रिंगा बदलाव्यात, की आणखी एक हंगाम तसेच चालवावे? कारण नसता उघडले तर हंगामाची कमाई खर्ची पडते; कारण असता न उघडले, तर भर समुद्रात इंजिन बंद पडून तांडेल व खलाशी यांच्या जिवावर बेतू शकते. अशा वेळी तेलाची लहानशी बाटली बहुमोल साक्ष देते.

ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वेने १९४६ साली डिझेल इंजिनांच्या वापरलेल्या तेलातील धातू वर्णपटाच्या साहाय्याने मोजून आतील झीज ओळखली. पुढे तेथील नौदलाने ही रीत स्वीकारली, आणि भारतीय रेल्वेच्या डिझेल शेडांतही अशा प्रयोगशाळा उभ्या राहिल्या.

तेलात काय सापडते? लोह बहुधा लायनर व क्रँकशाफ्ट यांचे, अल्युमिनियम पिस्टनचे, क्रोमियम रिंगांचे, तर शिसे, तांबे व कथील बेअरिंगांचे. सिलिकॉन वाढले तर धूळ शिरल्याचा संशय घ्यावा. सोडियमबरोबर मॅग्नेशियम वाढले तर समुद्राचे पाणी, आणि पोटॅशियम वाढले तर इंजिन थंड ठेवणारा द्रव तेलात मिसळत असावा. परंतु काही तेलांत मॅग्नेशियम मुळातच घातलेले असते. यास्तव प्रथम त्याच डब्यातील कोऱ्या तेलाचाही नमुना तपासून घ्यावा.

आता प्रयोगशाळेकडे वळू. पहिली गोष्ट मान्यतेची. आय.एस.ओ. १७०२५ या मानकानुसार भारतात एन.ए.बी.एल. ही संस्था प्रयोगशाळांस मान्यता देते. मात्र ही मान्यता एकेका चाचणीपुरती असते. पाण्याच्या चाचणीसाठी मान्यता मिळालेल्या प्रयोगशाळेस तेलाच्या चाचणीची मान्यता असेलच असे नाही. म्हणून केवळ प्रमाणपत्राची चौकट पाहून न भुलता त्यासोबतची चाचण्यांची यादी मागावी.

दुसरी गोष्ट पद्धतीची. अहवालात प्रत्येक आकड्यापुढे पद्धतीचा क्रमांक असावा. धातूंसाठी ए.एस.टी.एम. डी ५१८५ आणि डी ६५९५ या दोन पद्धती प्रचलित आहेत. पण दोहोंचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. तेलात उरलेली आम्लनाशक शक्ती मोजताना डी २८९६ मध्ये परक्लोरिक आम्ल, तर डी ४७३९ मध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. वापरलेल्या तेलात पहिलीचा आकडा बहुधा मोठा येतो. एका वर्षी एक प्रयोगशाळा व पुढील वर्षी दुसरी, असे केल्यास इंजिन तेच असूनही आकडे बदलतील आणि मालकाची दिशाभूल होईल.

तिसरी गोष्ट व्याप्तीची. धातूंबरोबरच दाटपणा, पाणी, काजळी व तेलात उतरलेले डिझेल यांचीही मोजणी हवी. शिवाय वरील धातुमापनास काही मायक्रॉनांपर्यंतचे बारीक कणच नीट दिसतात. बेअरिंगाचे मोठे कपचे त्यातून निसटतात. म्हणून मोठे लोहकण चुंबकाच्या साहाय्याने वेगळे मोजता का, असे अवश्य विचारावे.

चौथी गोष्ट वेळेची व निःपक्षपातीपणाची. ट्रॉलर पाण्यात उतरल्यावर आलेला अहवाल काय कामाचा? तसेच तेल विकणाराच फुकट तपासणी करीत असेल, तर ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु महत्त्वाचा निर्णय घेण्यापूर्वी ज्याचा विक्रीशी संबंध नाही अशा प्रयोगशाळेचे मत घ्यावे. शंका असल्यास एकच तेल दोन बाटल्यांत भरून, निरनिराळ्या खुणा घालून पाठवावे. दोन्ही अहवाल जवळजवळ सारखे आले, तर हात स्थिर आहे असे समजावे.

आकडा वाचण्यासही थोडे गणित लागते. समजा, २५० तास चाललेल्या तेलात लोहाचे प्रमाण दशलक्षांश ४० आले आणि पुढच्या वेळी १०० तासांनंतरच ३० आले. वरवर पाहता लोह घटले. पण भागाकार करा : पहिल्या वेळी ताशी ०.१६, दुसऱ्या वेळी ०.३०. झिजेचा वेग जवळजवळ दुप्पट झाला! म्हणून बाटलीवर तेलाचे तास, इंजिनाचे एकूण तास, मध्ये घातलेले वरचे तेल आणि तेलाची जात नोंदविली पाहिजे. जी प्रयोगशाळा ही माहिती विचारीतच नाही, तिचा सल्ला अंदाजाचाच ठरणार.

नमुना घेताना इंजिन गरम असावे, बाटली कोरडी व स्वच्छ असावी, आणि तेल काढताना पहिली व शेवटची धार सोडून मधली धरावी. टाकीच्या तळचा गाळ भरून पाठविल्यास उत्तम प्रयोगशाळाही खरे सांगू शकणार नाही.

विद्यार्थ्यांनो, ज्यांच्या घरी ट्रॉलर, ट्रक वा ट्रॅक्टर आहे, त्यांनी एक वही घालून प्रत्येक तेलबदलाची तारीख व तास लिहावयास आरंभ करावा. प्रयोगशाळा आकडे देईल, मेस्त्री अनुभव देईल. परंतु दोहोंची सांगड घालण्यास ही घरची नोंदच उपयोगी पडेल.