९९ डॉलर २२ सेंट

डोंबिवली

प्रिय चिनू,



मंदार परवा नॉर्थ कॅरोलायनाहून परत आला. तुझी मॅच बघितली, तुझ्याबरोबर जेवला, तुमच्या अपार्टमेंटमध्ये एक रात्र राहिला, हे सगळं त्यानं भरभरून सांगितलं. तू सातव्या इनिंगला आलास आणि समोरच्या तिघांना उभं राहू दिलं नाहीस, हे तर दोनदा सांगितलं. मग मामी चहा ठेवायला आत गेली तसा आवाज खाली करून म्हणाला, "मामा, ती पोरं सारखी फोनवर पैसे लावत असतात. ते ॲप चिनूच्या फोनमध्येपण दिसलं."

एवढंच. तू लावलेस का, कशावर लावलेस, हे त्याला माहीत नाही, मलाही नाही. तुझ्या आईला मी काही बोललेलो नाही. तिला कळलं तर ती पार ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडहून रात्रीच गाडी काढील. मंदारवर रागावू नकोस. तुझ्या सुलूमावशीचा मुलगा आहे, त्याच्या पोटात काही राहत नाही, हे तुला माहीत आहेच.

मामाला बेसबॉलमधलं काय कळतं, असं म्हणू नकोस. तुमची संध्याकाळी सातची मॅच आमच्याकडे पहाटे साडेचारला सुरू होते आणि मी ती बघतो. मामी म्हणते, आयुष्यात कधी अभ्यासाला एवढ्या पहाटे उठला नाहीत. तुमचा नियम २१ मी वाचला आहे. तो प्रत्येक क्लबहाउसच्या भिंतीवर लावलेला असतो, म्हणजे तू रोज बूट बांधताना तो समोरच असतो. बेसबॉलच्या कुठल्याही सामन्यावर पैसे लावले तर एक वर्ष बंदी. स्वतःच्या संघाच्या सामन्यावर लावले तर कायमची. २०२४ च्या जूनमध्ये टुकुपिटा मार्कानोला कायमचं घालवलं, त्याचा आकडा दीड लाख डॉलरच्या वर होता, ते समजू शकतो. पण त्याच दिवशी आणखी चौघांना वर्षाची बंदी झाली, आणि चौघांचीही गुन्ह्याची वेळ मायनर लीगमधली, म्हणजे तू आज जिथं आहेस तिथली. त्यातला मायकेल केली २०२१ मध्ये तुमच्याच ह्यूस्टनच्या मायनर संघात होता. त्यानं सगळे मिळून किती लावले होते? ९९ डॉलर २२ सेंट. तीन वर्षांनी तो मेजर लीगमध्ये होता, बऱ्यापैकी टाकत होता, आणि तेव्हा ते ९९ डॉलर वर आले.

हा आकडा वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. तुम्ही पोरं मिळून एका रात्रीत पिझ्झावर एवढे घालवत असाल.

तू म्हणशील, मामा, मी बास्केटबॉलवर लावतो, फुटबॉलवर लावतो, ते नियमात बसतं. बसतं, मान्य. नॉर्थ कॅरोलायनात तर मार्च २०२४ पासून फोनवरून लावणं कायदेशीर आहे, तेही बघितलं. पण ॲप तेच ना? बास्केटबॉलच्या खाली बोट सरकवलं की बेसबॉल. रात्री दोन वाजता बसमध्ये, चार जण एकमेकांच्या खांद्यावरून बघताहेत, कुणीतरी म्हणतं यांकीज आज नक्की, आणि अंगठा एकदा दाबला की झालं. शिवाय तुला कुणी ओळखीचा मेसेज करून विचारील, तुमच्या त्या पिचरचा खांदा कसा आहे रे? तू भोळेपणानं सांगशील. तो मेसेज कशासाठी होता हे तुला नंतर कळेल. ज्यांना पगार कमी असतो त्यांच्याकडेच असे मित्र येतात.

आपल्या घरात हा विषय मी का काढत नाही, ते तुला आईनं थोडंफार सांगितलं असेल. तिला सगळं माहीत नाही, ती तेव्हा शाळेत होती. तुझे आजोबा, आप्पा, गिरणीत साच्यावर होते. गिरणगावात मटका कसा चालायचा हे तुला ऐकून मजा वाटेल, कारण तो सुरू झाला तुमच्या न्यूयॉर्कमुळे. तिथल्या कापूस बाजाराचा उघडण्याचा आणि बंद होण्याचा भाव तारेनं मुंबईला यायचा, आणि लोक त्या आकड्यांवर पैसे लावायचे. १९६१ मध्ये ते भाव यायचे थांबले तरी लोक थांबले नाहीत. मग कल्याणजी भगत आणि रतन खत्रीनं आपले आकडे काढायला सुरुवात केली. ओपन रात्री, क्लोज मध्यरात्री. चाळीत कुणाला स्वप्नात साप दिसला तरी सकाळी त्याचा आकडा काय धरायचा यावर चर्चा व्हायची. आप्पा चार आण्यांपासून सुरू झाले असणार. वाईट माणूस नव्हते रे ते. तुझ्या आईला खांद्यावर बसवून लालबागच्या गणपतीला न्यायचे. पण पगाराच्या दिवशी आमची आई दारात उभी राहायची, आणि ते कितीला येतात यावरून पाकिटात काय उरलं ते तिला कळायचं.

जानेवारी ८२ ला संप झाला, पगार बंद झाला, आणि आतापर्यंत झाकलेली देणी एकेक करून दारात आली. मी तेव्हा नुकताच बँकेत लागलो होतो आणि कांगा लीगमध्ये टाकत होतो. पावसात ओल्या विकेटवर डावखुरा फिरकीवाला म्हणजे राजा असतो, हे तुला मी इतक्यांदा सांगितलंय की तू फोनवर जांभई देतोस. त्या वर्षापासून रविवारी मी आझाद मैदानाऐवजी दोन घरी गणिताच्या शिकवण्यांना जायला लागलो. एक वर्ष, मग परत येऊ, असं ठरलं होतं. मला कुणी संघातून काढलं नाही, चिनू. माझी किट बॅग माळ्यावर गेली आणि तिथंच राहिली.

त्याचंही एवढं काही नाही. मी काही सोबर्स होणार नव्हतो. सलतं ते वेगळंच. आप्पांशी त्यानंतर मी नीट बोललोच नाही. पैसे दिले, औषधं आणली, सगळं केलं, पण एकदाही विचारलं नाही की आप्पा, तुम्हाला त्यात काय मिळत होतं? मशीनच्या आवाजात आठ तास उभं राहिल्यावर माणसाला काय हवं असतं? आता वाटतं, विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मी पाठ फिरवून जेवायला बसायचो.

म्हणून तुला विचारतोय. काय मिळतं त्यात?

बहुतेक मला थोडं समजतंही. मंगळवार ते रविवार एकाच गावात सहा मॅचेस, सोमवारी सुट्टी, आणि ती सुट्टीही बसमध्येच जाते. बुलपेनमध्ये बसून राहायचं, आज बोलावतील की नाही माहीत नाही. तेवीस-चोवीस वर्षांची पोरं, घरापासून लांब, खिशात बेताचे पैसे. २०२३ च्या करारानंतर तुझ्या लो-ए पातळीचा पगार वर्षाला २६,२०० डॉलर झाला. आधी तो ११,००० होता, आणि २०२२ च्या आधी तर राहायची जागाही पोरांनी स्वतः शोधायची. म्हणजे तुझे दिवस त्या मानानं बरे. तरी मेजरमध्ये कमीत कमी पगारच सात लाखांच्या वर, आणि मधल्या तीन पायऱ्या: हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. एवढं अंतर रोज डोळ्यांसमोर असेल तर फोनमधला झटपट आकडा खरा वाटायला लागतो.

पण तू कुठून आलास ते आठव. तू सॅन जॅसिंटोला जायचं म्हणालास तेव्हा अख्ख्या घरानं नाकं मुरडली होती. दोन वर्षांचं कॉलेज? शेजारच्यांचा मुलगा ऑस्टिनला इंजिनिअरिंगला, आणि हा ज्युनिअर कॉलेजला? तेव्हा मी एकटा तुझ्या बाजूनं भांडलो, कारण मी नावं काढून ठेवली होती. अँडी पेटिट, तुझ्यासारखाच डावखुरा, तुझ्याच कॉलेजचा. ड्राफ्टच्या बाविसाव्या फेरीत निवडलेला, आणि पुढे मेजरमध्ये २५६ विजय. अल्बर्ट पुहोल्स मिसूरीतल्या मेपल वुड्स कम्युनिटी कॉलेजचा. १९९९ मध्ये ४०२ वा निवडला गेला, २००० चं एक वर्ष मायनरमध्ये काढलं आणि २००१ ला रूकी ऑफ द इयर. माइक पियाझा मायामी-डेडचा, १९८८ मध्ये बासष्टाव्या फेरीत, तोही टॉमी लसोर्डाच्या शब्दाखातर. हॉल ऑफ फेममध्ये आहे आज. तुझ्या बाबांना मी ही यादी फोनवर वाचून दाखवली होती. ते म्हणाले, भाऊसाहेब, आणि जे पोचले नाहीत त्यांची यादी? तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं, अजूनही सुचलेलं नाही.

आता बासष्टावी फेरीच नाही. २०२१ पासून ड्राफ्ट वीस फेऱ्यांवर आला, संलग्न संघ १२० उरले, आणि २०२४ पासून प्रत्येक क्लबला हंगामात तिकडे फक्त १६५ खेळाडू ठेवता येतात. पियाझासारख्याला उगाच एक संधी देऊन बघू, एवढी ऐसपैस जागा आता कुणाकडे नाही. तू ड्राफ्टमध्ये नव्हतासच, नंतर करार केलास. तुझ्या वतीनं भांडणारा तिथं कुणी नाही. ज्यानं तुझ्यावर दहा-वीस लाख डॉलर घातलेत तो तुझ्यासाठी थोडा वेळ थांबेल. तुझ्यावर तसं कुणी घातलेलं नाही. तुझा एकदम कोसळणारा तो चेंज-अप, एवढंच तुझं भांडवल.

आणि हे सगळं तू एका ॲपवर ठेवतोयस! एवढा शहाणा पोरगा, शनिवारच्या मराठी शाळेत पाढे म्हणायचास तेव्हा बाई तुला पुढे उभं करायच्या, आणि तुला शक्यता कळत नाही? अड्डा चालवणाराच नेहमी जिंकतो, हे साच्यावरच्या माणसाला कळलं नाही तर समजू शकतो.

जरा जास्तच बोललो. खोडत नाही. हात दुखतो आता लिहिताना, आणि नवा कागद घेतला तर हेच परत लिहीन.

कदाचित तू काहीच केलं नसशील. ॲप कुणी गंमत म्हणून टाकून दिलं असेल, पहिल्या डावाला फुकट मिळणाऱ्या पैशांसाठी. तसं असेल तर या म्हाताऱ्याला चार शिव्या दे आणि पत्र फाडून टाक. आणि केलं असशील, बास्केटबॉलवर किंवा आणखी कशावर, तर ते ॲप आज काढ आणि खरं खरं मला सांग. बेसबॉलवर लावले असतील तर लपवू नकोस. तुमच्या खेळाडूंची आता युनियन आहे, तिच्या वकिलाशी आधी बोल, त्याचे पैसे लागले तर मी देईन. माझ्याकडे आहेत, मामीला विचारायचीही गरज नाही.

कोपरासाठी ते तुझं टॉमी जॉन ऑपरेशन करायची वेळ आली, वेग कमी झाला, एखाद्या सकाळी मॅनेजरनं खोलीत बोलावून करार संपला म्हणून सांगितलं, तर डोंबिवलीला ये. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाजण्यासारखं काही करून बसलास तरीही ये. तेव्हा तर आधी ये. मी काही विचारणार नाही असं म्हणत नाही, विचारीनच, पण जेवायला तुझ्यासमोर बसून विचारीन.

ऑगस्टमध्ये आम्ही दोघं तिकडे येतोय. तिकिटं काढली आहेत. एक अख्खा आठवडा तुझ्या गावात राहायचं असं मामीनं ठरवलंय, म्हणजे बुलपेनच्या कुंपणाला टेकून ती तुला मेतकूट-भात देणार. तुझ्या कोचला काय सांगायचं ते तू बघ.

रात्री झोप येत नसेल तर फोन कर. तुमची मध्यरात्र म्हणजे माझी सकाळची साडेनऊ, पेपर वाचून झालेला असतो आणि मला काही काम नसतं.

तुझा,
मामा

ता. क. त्या ॲपचं काय केलंस ते मला कळव. आईच्या फोनवर नको, माझ्याच नंबरवर. आणि डाव्या खांद्याला बर्फ लावतोस का?