पदवीची तीन वर्षे आणि बँकेची परीक्षा

हल्ली महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी ‘ड्रीम कंपनी’ हा शब्द वारंवार ऐकू येतो. अभियांत्रिकीच्या मुलांकडे अशा कंपन्या स्वतः चालून येतात, कॅम्पसमध्येच मुलाखती घेतात आणि पदवी हातात पडण्यापूर्वी नेमणुकीचे पत्र देऊन जातात. तालुक्याच्या कला वा वाणिज्य महाविद्यालयाच्या दाराशी सहसा कोणी येत नाही. तेथील विद्यार्थ्यांसाठी नोकरी येते ती जाहिरातीच्या रूपाने, आणि ती वेळेवर वाचणाऱ्यालाच मिळते. अशा जाहिरातींपैकी सरकारी बँकांची जाहिरात आम्हांस विशेष जवळची. आम्ही कला शाखेचे पदवीधर असून बँकेच्या काउंटरमागे बसून लिपिकाचे काम करीत आहोत. तेव्हा या एका नोकरीविषयी आम्हांस जे ठाऊक आहे, तेवढेच येथे मांडत आहोत.

1969 साली 14 आणि 1980 साली आणखी 6 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे विलीनीकरणे होत होत आज सार्वजनिक क्षेत्रात 12 बँका उरल्या आहेत. त्यांपैकी स्टेट बँक आपली भरती स्वतंत्रपणे करते. उरलेल्या 11 बँकांसाठी 2011 पासून मुंबईची ‘आयबीपीएस’ ही संस्था सामाईक परीक्षा घेते. लिपिकाच्या पदाला आता ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ आणि स्टेट बँकेत ‘ज्युनियर असोसिएट’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. काम बहुतांशी तेच आहे. पात्रता कोणत्याही शाखेची पदवी आणि वय 20 ते 28. अनुसूचित जाती-जमातींना त्यात पाच वर्षांची व इतर मागास वर्गाला तीन वर्षांची सवलत आहे. या पदासाठी आता मुलाखत नाही. ओळखीपाळखीची वाट पाहत बसणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. या परीक्षेत विचारतात काय? पूर्व परीक्षेत शंभर प्रश्न व साठ मिनिटे असतात. इंग्रजीचे 30, अंकगणिताचे 35 आणि तर्कक्षमतेचे 35 प्रश्न, प्रत्येक भागाला 20 मिनिटे. वीस मिनिटांत पस्तीस गणिते म्हणजे एका गणिताला सुमारे चौतीस सेकंद होतात. गणिते असतात शेकडेवारी, सरळव्याज, गुणोत्तर, काळ-काम-वेग यांची. दहावी पास झालेल्या मुलाला यातले न येणारे फार थोडे आहे. किंबहुना घरी निवांत बसवले तर तो निम्म्याहून अधिक प्रश्न बरोबर सोडवील. पण चौतीस सेकंदांत सोडवील काय? शिवाय एक उत्तर चुकले की पाव गुण कापला जातो. ही परीक्षा ज्ञानाची कमी आणि वेगाची अधिक आहे. ज्ञान तीन महिन्यांच्या क्लासात काही प्रमाणात विकत मिळते, वेग मात्र मिळत नाही. तो रोजच्या थोड्या थोड्या सरावाने अंगात मुरावा लागतो, आणि त्यासाठी पदवीच्या तीन वर्षांइतका मोकळा काळ पुन्हा आयुष्यात येत नाही. पदवी झाली की घरचे विचारू लागतात, शेजारी विचारू लागतात आणि मुलगा पुस्तक उघडण्याआधीच घाबरून जातो.

म्हणून सुरुवात पहिल्या वर्षापासून करावी. तीही फार थोड्या गोष्टीने. आमच्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी तोंडपाठ असे. शाळेतून ती गेली आणि अपूर्णांकांची भीती आली. तीसपर्यंतचे पाढे, तीसपर्यंतचे वर्ग आणि अपूर्णांकांची शेकडेवारी एवढे पहिल्या सहा महिन्यांत पाठ करावे. 640 चे साडेसदतीस टक्के किती, असे विचारल्यावर गुणाकार मांडत बसू नये. साडेसदतीस टक्के म्हणजे तीन-अष्टमांश. 640 चा आठवा भाग 80, त्याची तिप्पट 240. उत्तर पाच सेकंदांत आले. तसेच 8,000 रुपयांवर द.सा.द.शे. 5 दराने दोन वर्षांच्या सरळव्याजात व चक्रवाढ व्याजात फरक किती? पहिल्या वर्षाचे व्याज 400 रुपये. दुसऱ्या वर्षी त्या 400 वर पुन्हा 5 टक्के, म्हणजे 20 रुपये. फरक तेवढाच. ही सूत्रे आधी समजून घ्यावीत आणि मग पाठ करावीत. उलट क्रमाने गेलेला विद्यार्थी प्रश्न जरा फिरवून विचारला की अडतो. किराणा दुकानात हिशेब करताना मोबाइल खिशात ठेवला तर तोही सराव होतो, पैसे न मोजता.

तर्कक्षमतेचा बाऊ करू नये. नातेसंबंधांच्या प्रश्नांत तर मराठी मुलाला जन्मजात फायदा आहे. इंग्रजीत ‘अंकल’ म्हटले की तो काका, मामा, मावशीचा नवरा की आत्याचा नवरा हे कळत नाही. आपल्या भाषेत प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. तेव्हा प्रश्न इंग्रजीत असला तरी आकृती काढताना मनात मराठी नातीच धरावीत, गोंधळ होत नाही. लिपिकाच्या परीक्षेत इंग्रजीचा भाग वगळता उर्वरित प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते. 2021 मध्ये केंद्र सरकारने प्रादेशिक भाषांचा हा निर्णय घेतला. अधिकारी पदाच्या परीक्षेत मात्र अद्याप इंग्रजी व हिंदी हीच माध्यमे आहेत.

इंग्रजीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण मराठी माध्यमातून आलेले बरेच विद्यार्थी येथेच हात टेकतात. बाजारात शब्दांच्या याद्यांची जाडजूड पुस्तके मिळतात. ती घेऊ नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. महाविद्यालयाच्या वाचनालयात एक तरी इंग्रजी दैनिक येते. त्यातला एक अग्रलेख किंवा अर्थविषयक एक बातमी रोज वाचावी, अडलेले पाचच शब्द वहीत उतरवावेत आणि त्याच दिवशी त्यांचे एकेक वाक्य करावे. पहिले दोन महिने अर्धेही कळणार नाही. कळत नाही म्हणून सोडणारे विद्यार्थी याच दोन महिन्यांत सोडतात. चुका शोधण्याच्या प्रश्नांत ‘ए’, ‘अ‍ॅन’, ‘द’ यांच्या जागा आणि ‘इन’, ‘ऑन’, ‘अ‍ॅट’ यांचे उपयोग वारंवार विचारले जातात. मराठीत ‘ए’ आणि ‘द’ यांना जोड नाही, म्हणून कानाला चूक खटकत नाही. ती खटकावी यासाठी मोठ्याने वाचणे हाच उपाय आम्हांस दिसतो. वाचनालयात मोठ्याने वाचता येत नाही हे खरे. मग घरी पाठीमागच्या अंगणात वाचावे, हसणारे चार दिवस हसतील.

ज्यांचे इंग्रजी फारच कच्चे आहे त्यांनी ग्रामीण बँकांकडे लक्ष ठेवावे. त्यांची भरतीही आयबीपीएसमार्फतच होते. तेथील कार्यालयीन सहायक पदाच्या पूर्व परीक्षेत इंग्रजी नसते, केवळ तर्क व अंकगणित असते. आपल्या राज्यातील दोन ग्रामीण बँका 1 मे 2025 रोजी एकत्र होऊन ‘महाराष्ट्र ग्रामीण बँक’ झाली. खेड्यातील शाखेत काम करायची तयारी असेल तर ही संधी कमी लेखण्यासारखी नाही.

मुख्य परीक्षेत बँकिंग व अर्थव्यवहारांवर प्रश्न येतात. अंतिम निवडीत लिपिकासाठी मुख्य परीक्षेचेच गुण धरले जातात, म्हणून हा भाग निर्णायक ठरतो. विद्यार्थी त्यासाठी मासिके विकत घेतात, ते ठीकच आहे. पण आम्ही म्हणू, आधी आपल्या आईचे पासबुक उघडा. मे महिन्याच्या अखेरीस त्यातून 436 रुपये आणि 20 रुपये वजा झालेले दिसले, तर तो जीवनज्योती व सुरक्षा विमा योजनांचा हप्ता असतो. एकीत मृत्यूनंतर दोन लाख, दुसरीत अपघाती मृत्यूस दोन लाख. घरातील किती जणांना हे ठाऊक असते? काउंटरवर येणाऱ्या कित्येक बायका ‘माझे पैसे कोणी कापले’ म्हणून रागाने विचारतात, आणि त्यांच्याबरोबर आलेला पदवीधर मुलगा गप्प उभा असतो. तोच प्रश्न परीक्षेत आला की त्याला दोन गुण हवे असतात. जनधन खाते 2014 पासून, ठेवींवरील विम्याची मर्यादा 2020 पासून पाच लाख रुपये, रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्प मुदतीचे कर्ज देते तो दर, हे सारे घरच्या व्यवहाराशी जोडून वाचले की विसरत नाही. बचत गटाच्या कर्जाची वही घरात असेल तर ती लिहिण्याचे काम मुलाने वा मुलीने आपणहून मागून घ्यावे.

कागदपत्रांचा विषय रुक्ष आहे, पण येथेच चांगली मुले मागे राहतात. आयबीपीएसच्या परीक्षेला नोंदणी करताना पदवीचा निकाल लागलेला असावा लागतो. स्टेट बँक मात्र शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तात्पुरता अर्ज करू देते, ठरावीक तारखेपर्यंत निकाल दाखवावा लागतो. म्हणजे एक विषय राहिला की जाहिरातीचे अख्खे वर्ष गेले. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, आधारवर दुसरे आणि बँक खात्यात तिसरे असे असेल, तर ते पहिल्या वर्षातच दुरुस्त करून घ्यावे. जातीच्या दाखल्याबाबत आपल्या समाजातील विद्यार्थ्यांनी विशेष दक्ष राहावे. 1990 साली कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती लागू झाल्या. पण केंद्राच्या नोकरीसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यातच लागतो आणि त्यात मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख असावा लागतो. नुसते ‘नवबौद्ध’ लिहिलेला राज्याचा दाखला पडताळणीच्या टेबलावर अडचणीत आणतो. तहसील कार्यालयातून नवा दाखला मिळायला वेळ लागतो आणि पडताळणीची तारीख त्यासाठी थांबत नाही.

खर्चाचे म्हणाल, तर आयबीपीएसच्या लिपिक परीक्षेचे शुल्क अनुसूचित जाती-जमातींसाठी अलीकडच्या वर्षांत 175 रुपये व इतरांसाठी 850 रुपये राहिले आहे. स्टेट बँक अनुसूचित जाती-जमातींकडून शुल्क घेत नाही. खरा खर्च क्लासचा व शहरात खोली घेऊन राहण्याचा. पदवीनंतर पुण्यात तीन-तीन वर्षे काढून आई-बापाची जमापुंजी संपवणारी मुले आम्ही पाहिली आहेत. क्लास वाईट असतो असे नाही. पाया तयार असलेल्याला चार महिन्यांचा क्लास उपयोगी पडतो, पाया नसलेल्याला दोन वर्षांचाही पुरत नाही. क्लास लावण्यापूर्वी पुण्याच्या ‘बार्टी’ संस्थेच्या मोफत प्रशिक्षणाची चौकशी जरूर करावी.

सभासद बंधू-भगिनींना एक विनंती आहे. संस्थेचे सभागृह बहुतेक रविवारी सकाळी रिकामे असते. तेथे घड्याळ लावून, वीस मिनिटांनी एक भाग काढून घेत, जुनी प्रश्नपत्रिका सोडवण्याचा वर्ग सुरू करता येईल. शिक्षक लागत नाही, वेळ पाळणारा एक वडीलधारा माणूस लागतो. परीक्षा संगणकावर असते, म्हणून एखादा जुना संगणक मिळाल्यास उत्तमच. खेड्यातून आलेल्या मुलाची माऊस धरण्यात मिनिटे गेली तर पाठ केलेल्या पाढ्यांचा उपयोग काय? आणि या वर्गाला मुलींना पाठवावे. रविवारी सकाळी भाऊ अभ्यासाला आणि बहीण धुण्याला, ही वाटणी आमच्या घरांत अजून चालू आहे. ती आई-वडिलांनीच मोडायची आहे.

आयबीपीएस दरवर्षी सुरुवातीलाच परीक्षांचे संभाव्य वेळापत्रक आपल्या संकेतस्थळावर देते. त्याची प्रत काढून भिंतीवर लावावी. प्रश्नांची संख्या, वेळ व शुल्क अधूनमधून बदलते, म्हणून ऐकीव माहितीवर न राहता मूळ जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. लिपिकासाठी एकाच राज्यातून अर्ज करता येतो आणि त्या राज्याची भाषा लिहिता, वाचता, बोलता यावी लागते. दहावी किंवा बारावीला मराठी विषय असल्याची गुणपत्रिका दाखवणाऱ्यास स्टेट बँक भाषेची वेगळी चाचणी लावत नाही. तेव्हा ती जुनी गुणपत्रिका लॅमिनेशन न करता, दोन छायाप्रतींसह, फायलीत सर्वांत वर ठेवावी.