भित्र्या पक्ष्याकडून शिकलेला अभ्यास



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३३ ते ३५. जमलं तर ज्ञानेश्वरीचा सहावा अध्यायही सोबत ठेवा.

अर्जुनाची इथली तक्रार आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. देवा, योग तू सांगतोस खरा, पण मन एका जागी बसेल तर ना! त्याला आवरणं म्हणजे वाऱ्याला आवरणं. भगवंत त्याला खोडून काढत नाहीत. मन चंचल आहे, आवरायला कठीण आहे, हे ते आधी मान्य करतात आणि मग दोन उपाय सांगतात: अभ्यास आणि वैराग्य.

हे दोन शब्द कॉलेजपासून माझ्या कानावर होते. पण अभ्यास म्हणजे रोज सकाळी उठून नक्की काय करायचं, हे मला गेल्या वर्षी एका शंभर ग्रॅमसुद्धा न भरणाऱ्या पक्ष्यासोबत उमगलं. आजचं चिंतन त्यावर.

भुऱ्या आला तेव्हा

धाकट्या बहिणीला नोकरीसाठी बंगळुरूला जावं लागलं आणि तिचा कॉकॅटिएल आमच्या विश्रांतवाडीच्या घरी आला. पाळीव पक्ष्यांच्या दुकानात याला सरळ 'कॉकटेल' म्हणतात. राखाडी अंग, गालावर नारिंगी ठिपका, डोक्यावर तुरा. काकाकुवांच्या कुळातला हा सगळ्यात लहान पक्षी, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. रंगावरून आम्ही त्याला भुऱ्या म्हणू लागलो.

कुणी पिंजऱ्याजवळ गेलं की भुऱ्या फिस्कारायचा, गजांवर धडका द्यायचा. त्यात आपल्या भागाला लोहगावचा हवाई तळ जवळ. लढाऊ विमान डोक्यावरून गेलं की हा पिंजऱ्याच्या तळाशी जाऊन थरथरायचा. आई म्हणाली, "अरे, देऊन टाक कुणाला तरी. त्याचेही हाल आणि आपलेही." पण नीट सांभाळलेला कॉकॅटिएल पंधरा-वीस वर्षं जगतो. घर बदललं तरी ही भीती त्याच्यासोबतच गेली असती.

आणखी एक सांगतो. त्याच महिन्यांत आमच्या कंपनीत माणसं कमी करणं चालू होतं. कॅलेंडरवर अचानक एखादी मीटिंग दिसली की छातीत धस्स व्हायचं. जपाला बसलो तरी हात फोनकडे जायचा. त्या घरात घाबरलेला पक्षी एकटाच नव्हता.

आधी भीती समजून घ्या

कॉकॅटिएल रानात थव्याने राहतो आणि जमिनीवर उतरून बिया टिपतो. शिकारी पक्षी वरून येतो. म्हणून वरून येणारा हात म्हणजे त्याच्यासाठी झडपच. दोन्ही डोळे रोखून बघणारा चेहरा म्हणजे शिकारी. ही भीती त्याचा दोष नाही, तिनेच त्याच्या पूर्वजांना जगवलं आहे.

त्याची भाषा तुऱ्यात असते. तुरा ताठ उभा आणि अंग आकसलेलं म्हणजे तो दचकलाय. तुरा डोक्याला चिकटलेला आणि तोंडातून फिसफिस म्हणजे "लांब राहा". तुरा सैल, किंचित मागे कललेला म्हणजे निवांत. झोपायच्या आधी चोच हलकेच घासल्याचा आवाज आला तर समजा स्वारी खूश आहे.

भगवंतांनी अर्जुनाच्या बाबतीत हेच केलं. 'घाबरू नकोस' असा हुकूम सोडण्याआधी मनाचा स्वभाव मान्य केला. आपण मात्र मन पळालं की आधी स्वतःवर चिडतो. पक्ष्यावर चिडून तो हातावर येत नाही, हे सगळ्यांना पटतं. मनाच्या बाबतीत पटायला वेळ लागतो.

अभ्यासाच्या तीन अटी

अभ्यास पक्का कधी होतो, हे पतंजलींनी योगसूत्रांच्या समाधिपादात, चौदाव्या सूत्रात सांगितलं आहे. तो दीर्घकाळ हवा, खंड न पडता हवा आणि आदराने केलेला हवा. भुऱ्याच्या बाबतीत या तिन्ही अटी मला जशाच्या तशा लागू पडताना दिसल्या.

१. दीर्घकाळ. पहिले काही दिवस मी काहीही 'शिकवलं' नाही. पिंजरा छातीच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला लावून ठेवला, म्हणजे त्याला पाठीमागची काळजी नको. संध्याकाळी तिथून चार हातांवर, त्याच्याकडे थेट न बघता, जपमाळ घेऊन बसायचो. नाम मोठ्याने, पण एकाच संथ सुरात. तो खाऊ लागला की दुसऱ्या दिवशी खुर्ची जराशी पुढे. मग गजांमधून राळ्याचं कणीस धरायचं. ते त्यांच्या फार आवडीचं असतं, म्हणून एरवी वाटीत ठेवायचं नाही, फक्त हातातूनच द्यायचं. मग पिंजऱ्याचं दार उघडून हात बाहेरच स्थिर ठेवायचा. मग आत. एखादा पक्षी दोन आठवड्यांत हातावर येतो, एखादा कित्येक महिने घेतो. इथे डेडलाइन चालत नाही.

२. खंड न पडता. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं कितीतरी बरी. आणि विमान गेलं, कुकरची शिट्टी झाली, तो बिचकला, तर? सगळं पाण्यात गेलं असं समजायचं नाही. एक पायरी मागे यायचं आणि तिथून पुन्हा सुरू करायचं. याच अध्यायातला २६ वा श्लोक मनासाठी हेच सांगतो: ते जिथे जिथे धावेल, तिथून तिथून परत आणा. कितव्यांदा, हे मोजायला सांगितलेलं नाही.

३. आदराने. ही अट आपण सगळ्यात जास्त विसरतो. हात पुढे नेताना भुऱ्या मागे झुकला, तर हात तिथेच थांबतो आणि मागे येतो. आपला नकार ऐकला जातो हे ज्या दिवशी त्याला कळतं, त्या दिवसापासून विश्वास सुरू होतो. धरून, दाबून 'सवय लावणं' म्हणजे त्याने सुटकेची आशा सोडणं. वरून दोन्ही सारखेच शांत दिसतात. पंख छाटले तर पक्षी पळणार नाही, पण भीती आत तशीच राहील. साधनेतही मनाचे पंख छाटायला निघालेले आपण काही कमी नाही.

वैराग्य म्हणजे उघडी मूठ

साधारण सातव्या आठवड्यात बोट आडवं धरून त्याच्या पायांच्या जरा वर, पोटाला हलकेच टेकवलं. एक पाय आला, मग दुसरा. त्या क्षणी सगळ्यात मोठा मोह कसला असतो? मूठ मिटण्याचा. मिटली की सात आठवडे गेले. तो बसला, खाली उतरला, मी उतरू दिलं. वैराग्य म्हणजे त्याच्यावर प्रेम नसणं नव्हे. त्याचं येणं-जाणं त्याच्यावर सोडून आपण रोज तिथे हजर राहणं.

माउलींनी सहाव्या अध्यायातच पोपट पकडायच्या नळीचा दृष्टांत दिला आहे. पोपट नळीवर बसतो, त्याच्या भाराने नळी फिरते, तो उलटा होतो आणि पडेन या भीतीने पायांनी नळी गच्च धरून ठेवतो. त्याला कुणीही बांधलेलं नसतं. सोडलं तर उडता येईल. भीती धरून ठेवायला लावते आणि धरून ठेवणं हेच बंधन होतं. शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ग्रंथात हे लिहिलं आहे. रात्री अकरा वाजता कंपनीचे मेसेज तपासणाऱ्या माझ्या हाताचं इतकं नेमकं वर्णन मला दुसरीकडे कुठे मिळालं नाही.

कसोटीची रात्र

दिवाळीत रात्री उशिरा मोठा फटाका वाजला आणि भुऱ्या अंधारात पिंजऱ्यात आपटत सुटला. अंधारातली ही घबराट कॉकॅटिएलमध्ये नेहमीची आहे. दिवा लावला तर गजांवर रक्त. पंखाचं नवं उगवणारं पीस मोडलं होतं. अशा पिसाच्या नळीत रक्त वाहतं, त्यामुळे ते मोडलं की लहानशा पक्ष्यासाठी प्रसंग बाका असतो.

धरायला गेलो असतो तर तो आणखी धडपडला असता आणि आणखी रक्त गेलं असतं. मी रोजच्या जागी बसलो, रोजच्याच सुरात नाम सुरू केलं आणि दार उघडून बोट आडवं धरलं. तुरा ताठ, छाती धपापत होती. पण तो बोटावर आला. आईने कॉर्नफ्लोअर लावून कापसाने हलकेच दाबलं, रक्त थांबलं, आणि सकाळी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेताना तो स्वतःच्या पायांनी लहान पिंजऱ्यात शिरला.

त्याची भीती गेली नव्हती. भीती असतानाही त्याला यायला एक जागा होती. ती जागा त्या रात्री तयार झाली नव्हती, रोजच्या दहा-दहा मिनिटांनी झाली होती. नामाचंही असंच आहे. संकटात आठवायला ते आधी ओळखीचं व्हावं लागतं. माझी नोकरी त्या फेरीत राहिली, पण पुढच्या तिमाहीत धाकधूक परत आलीच. आता ती आली की मी एक पायरी मागे येतो आणि माळेचा पहिला मणी धरतो.

भक्तांच्या घरात पक्षी असेल तर

- पिंजरा देवघराजवळ नको. उदबत्ती, धूप, कापूर यांचा धूर पक्ष्यांच्या नाजूक श्वसनसंस्थेला बाधतो. स्वयंपाकघरातही नको, कारण तापलेल्या नॉनस्टिक भांड्याची वाफ त्यांचा जीव घेऊ शकते.
- चहा, कॉफी, चॉकलेट, अॅव्होकॅडो अजिबात नाही. नैवेद्याचा पेढाही प्रेमापोटी देऊ नका.
- रोज काही वेळ बाहेर मोकळं सोडा, पण आधी पंखा बंद आणि खिडक्या बंद.
- रात्री दहा-बारा तास शांत झोप आणि एक मंद दिवा.
- आळंदीहून माउलींची पालखी विश्रांतवाडीवरून पुण्याकडे जाते, त्या दिवशी पिंजरा मागच्या खोलीत न्या. टाळ-मृदंगाचा आनंद आपला, त्याच्यासाठी तो नुसता गलका.

"पक्ष्याला कोंडणं भूतदयेत बसतं का?" असं कुणी विचारेल, आणि प्रश्न योग्य आहे. आपला देशी पोपट घरात ठेवूच नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. कॉकॅटिएल मात्र पिंजऱ्यातच जन्मलेला, परक्या देशाचा. पुण्याच्या आकाशात त्याला सोडणं म्हणजे घारी-कावळ्यांच्या आणि उपासमारीच्या हवाली करणं. हौस म्हणून नवा आणू नका, पण घरात आलेला असेल तर त्याची भीती कमी करणं हीच दया.

आजचा अभ्यास

१. श्लोक ३५ अर्थासह तीनदा वाचा.
२. रोजच्या साधनेची एक जागा आणि एक वेळ ठरवा. दहाच मिनिटं, पण रोज.
३. मन पळालं की रागवू नका. एक पायरी मागे या आणि पुन्हा बसा.
४. आपण कोणती 'नळी' भीतीने धरून बसलोय, ते आज झोपण्यापूर्वी एका ओळीत लिहा.

राम कृष्ण हरी.