एचएसए: खाते उघडताना बँक जे तपासत नाही

हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, म्हणजे एचएसए, हे अमेरिकेतल्या करदात्याचे औषधोपचारासाठीचे बचत खाते. डिसेंबर २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सही केलेल्या मेडिकेअरविषयक कायद्यातून ते आले आणि जानेवारी २००४ पासून उघडता येऊ लागले. भरलेली रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते, तिच्यावरच्या वाढीला कर नाही आणि उपचारासाठी काढलेल्या पैशालाही नाही. इतकी सवलत देणाऱ्या खात्याच्या अटी सैल असणे शक्यच नव्हते.

गोंधळ सुरू होतो तो खाते उघडण्याच्या सोपेपणामुळे. बँक अर्जदाराकडून ‘मी पात्र आहे’ एवढे मान्य करून घेते आणि दहा मिनिटांत खाते सुरू होते. ते विधान खरे आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी बँकेवर नाही. नोकरी देणाऱ्या कंपनीला तिच्या स्वतःच्या विमा योजनेपलीकडचे काही दिसत नाही. कर खाते प्रश्न विचारते तो पुढे, आणि तोही फक्त खातेदाराला. भारतात मेडिक्लेमचा हप्ता भरून ८०डीची वजावट घ्यायची सवय असलेल्यांना हे वेगळे वाटते. तिथे हप्त्याची पावती पुरते. इथे आपल्यावर आणखी कोणकोणती विम्याची छत्रे आहेत, याचा हिशेब द्यावा लागतो.

पहिली अट विमा योजनेची. ती जास्त डिडक्टिबलची (विमा लागू होण्याआधी आपल्या खिशातून भरायच्या रकमेची), म्हणजे एचडीएचपी प्रकारची असावी लागते. २०२६ साली एकट्या व्यक्तीसाठी डिडक्टिबल किमान १,७०० डॉलर आणि कुटुंबासाठी ३,४०० डॉलर हवी. वर्षभरात रुग्णाच्या खिशातून जाणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा अनुक्रमे ८,५०० आणि १७,००० डॉलर. डिडक्टिबल नुसती मोठी असून भागत नाही. ती पूर्ण होण्याआधी प्रतिबंधात्मक तपासण्या, लसी अशा ठरावीक गोष्टी सोडून योजनेने काही देता कामा नये. डॉक्टरकडे गेल्यावर पहिल्या दिवसापासून नुसता तीस डॉलरचा कोपे घेणारी कंपनीची योजना या कसोटीला उतरत नाही, मग तिची डिडक्टिबल कितीही असो. कौटुंबिक योजनेत आणखी एक बारीक गोम असते. एकूण डिडक्टिबल ५,००० डॉलर, पण कोणा एका सदस्याचा खर्च २,००० डॉलरवर गेला की त्याच्यापुरता विमा सुरू, अशी रचना असेल तर ती योजना एचडीएचपी नव्हे, कारण कुटुंबातल्या कोणालाही ३,४०० डॉलरच्या आत विम्याचे पैसे मिळता कामा नयेत. योजनेच्या नावावर विसंबू नये. माहितीपत्रकात ‘एचएसए-पात्र’ असे स्पष्ट लिहिलेले आहे का ते पाहावे.

जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने हे दार थोडे रुंद केले. जानेवारी २०२६ पासून सरकारी विमा बाजारात मिळणाऱ्या ब्राँझ आणि कॅटॅस्ट्रॉफिक योजना एचएसएपुरत्या पात्र मानल्या जातात. फोनवर किंवा व्हिडिओवर मिळणारा वैद्यकीय सल्ला डिडक्टिबलआधी फुकट असला तरी पात्रता जात नाही, ही पूर्वीची तात्पुरती सूटही कायम झाली.

दुसरी अट दुसऱ्या कोणत्याही विम्याची सावली अंगावर नसण्याची, आणि फसगत मुख्यतः इथेच होते. दात, डोळे, अपघात, अपंगत्व, दीर्घकालीन शुश्रूषा किंवा एखाद्या ठरावीक आजाराचा विमा चालतो. पुण्याहून भेटीला आलेल्या आईवडिलांसाठी घेतलेल्या प्रवासी विम्याचाही मुलाच्या पात्रतेशी संबंध नाही, कारण तो त्यांच्यावरचा असतो. खरा घात करतो तो जोडीदाराचा एफएसए, म्हणजे कंपनीमार्फत मिळणारे खर्चाचे खाते, फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट. नेहमीचे चित्र असे: नोव्हेंबरात दोघांच्या कंपन्यांत ओपन एनरोलमेंट चालू असते. नवरा आपल्या कंपनीत एचडीएचपी घेऊन एचएसए सुरू करतो. बायको तिच्या कंपनीत सवयीने वैद्यकीय एफएसएच्या रकान्यावर खूण करते. तिच्या एफएसएमधून नवऱ्याच्या उपचाराचाही खर्च देता येतो, आणि तेवढ्याने नवरा त्या एफएसएच्या पूर्ण वर्षासाठी अपात्र ठरतो. त्याच्या उपचारावर त्यातला एक डॉलरही खर्च झाला नाही, तरीही. एफएसएची निवड लग्न, मूल, नोकरीतला बदल असे ठोस कारण असल्याशिवाय मध्येच बदलता येत नाही. म्हणून दोघांनी आपापले अर्ज भरण्याआधी एका टेबलाशी बसावे. एचआर हे काम करणार नाही. पाळणाघराच्या खर्चाचा एफएसए मात्र निराळा, त्याने काही बिघडत नाही. फक्त दात आणि डोळ्यांपुरता मर्यादित एफएसएही चालतो.

एफएसए बंद केला तरी तो लगेच संपतोच असे नाही. काही कंपन्या उरलेली रक्कम १५ मार्चपर्यंत वापरू देतात. ३१ डिसेंबरला शिल्लक शून्य नसेल, तर अशा खातेदाराला एचएसएची पात्रता १ एप्रिलपासूनच मिळते. उरलेले पैसे पुढच्या वर्षात नेऊ देणारी योजना असेल तर सगळे पुढचे वर्ष गेलेच समजायचे. उपाय सोपा आहे: डिसेंबरअखेर एफएसए रिकामा करावा.

तिसरी अट मेडिकेअरची, म्हणजे पासष्टीपुढच्यांच्या सरकारी विम्याची. मेडिकेअरचा कोणताही भाग सुरू झाला की त्या महिन्यापासून एचएसएमध्ये भरणा बंद. पासष्टीनंतरही नोकरी करणाऱ्यांना मेडिकेअर लांबवता येते; पण पासष्टीनंतर सोशल सिक्युरिटीचे पेन्शन चालू केले की मेडिकेअरचा ‘ए’ भाग आपोआप गळ्यात पडतो. शिवाय उशिरा नाव नोंदवल्यास हा भाग सहा महिने मागच्या तारखेने लागू होतो, अर्थात पासष्टीच्या महिन्यामागे न जाता. सदुसष्टाव्या वर्षी ऑक्टोबरात नाव नोंदवले, तर एप्रिलपासूनचा प्रत्येक भरणा जादा ठरतो. निवृत्तीच्या सहा महिने आधी भरणा थांबवणे शहाणपणाचे. एका जोडीदाराला मेडिकेअर मिळाल्याने दुसऱ्याची पात्रता मात्र जात नाही.

चौथी अट अशी की खातेदार दुसऱ्याच्या टॅक्स रिटर्नमध्ये अवलंबित म्हणून दाखवता येण्याजोगा नसावा. प्रत्यक्षात दाखवला नाही, हा बचाव चालत नाही. याच नियमाची चांगली बाजू पहिल्या नोकरीतल्या मुलांना मिळते. सव्वीस वर्षांखालचा, स्वतः कमावणारा मुलगा आईवडिलांच्या कौटुंबिक एचडीएचपीवर असेल, तर तो स्वतःचे एचएसए उघडून कुटुंबाच्या मर्यादेपर्यंत पैसे भरू शकतो. नागरिकत्वाची किंवा उत्पन्नाची अट या खात्याला नाही.

पात्रता महिन्याच्या पहिल्या तारखेला मोजली जाते. २०२६ ची कमाल मर्यादा एकट्यासाठी ४,४००, कुटुंबासाठी ८,७५० डॉलर. पंचावन्न पूर्ण झालेल्याला आणखी १,०००. कंपनीने घातलेले पैसेही यातच धरायचे. एचएसए संयुक्त नसते, त्यामुळे दोघेही पंचावन्नच्या पुढे असतील तर हे जादा हजार डॉलर ज्याने-त्याने आपल्याच खात्यात भरावे लागतात. १ जुलैला पात्र झालेल्या एकट्याला सहा महिन्यांचे २,२०० डॉलर भरता येतात. १ डिसेंबरला पात्र असलेल्याने संपूर्ण वर्षाची रक्कम भरण्याची मुभाही कायदा देतो, पण त्या बदल्यात पुढच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत पात्र राहावे लागते. मध्येच नोकरी बदलून साधी योजना घेतली तर जादा भरलेले २,२०० डॉलर उत्पन्नात धरले जातात आणि त्यावर दहा टक्के, म्हणजे २२० डॉलर, वेगळा कर बसतो. नोकरीची शाश्वती नसणाऱ्याने या मुभेच्या वाटेला जाऊ नये.

अपात्र असताना भरलेल्या रकमेवर दरवर्षी सहा टक्के कर लागतो, ती खात्यात राहील तितकी वर्षे. ४,४०० डॉलरवर तो २६४ डॉलर होतो. चूक त्या वर्षाचे रिटर्न भरण्याच्या मुदतीत लक्षात आली, तर बँकेला ‘जादा भरणा परत’ असे स्पष्ट कळवून मूळ रक्कम आणि तिच्यावरची वाढ दोन्ही काढून घ्यावी. एटीएममधून काढलेले पैसे साधी उचल समजले जातात. एचएसएचा वर्षाचा हिशेब फॉर्म ८८८९ मध्ये दाखवतात. मराठी माणसांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया या राज्यांत राज्याच्या करापुरती एचएसएची सवलत मुळीच नाही, हेही पेचेक पाहताना ध्यानात ठेवावे.

पात्रता संपली म्हणून साठलेले पैसे जात नाहीत, भरणा तेवढा थांबतो. भारतात परतलेल्या खातेदारालाही तिथल्या रुग्णालयातल्या उपचाराचा खर्च त्यातून करमुक्त भागवता येतो, मात्र बिले जपून ठेवावी लागतात. इतर कारणासाठी पासष्टीआधी पैसे काढले तर आयकर आणि वर काढलेल्या रकमेचे वीस टक्के भरावे लागतात.